न पाठवलेलं परत येतं

त्या चिकटपट्टीखाली एक केस अडकला होता — लांब, मेंदीनं तांबूस झालेला, म्हणजे कॅफेवाल्या अमरीनचाच — आणि ती पट्टी कीबोर्डच्या सगळ्यांत लांब कळीवर होती, कळ मधोमध तडकली म्हणून लावलेली. आणि प्राजक्ता मघापासून त्या केसाकडेच बघत होती, कारण समोरच्या पडद्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. पडद्यावर पान उतरत होतं. वरची पट्टी, मग बाजूची जाहिरात, मग नुसतंच पांढरं... वरूडच्या या कॅफेत एवढ्या वर्षांत खुर्च्या बदलल्या, भिंतींना निळा रंग लागला, दाराला पडदा आला, पान उतरायची चाल मात्र म्हाताऱ्या बैलाची ती तशीच. आता दिसेल. आता दिसेल की आत काहीच आलेलं नाही. गेल्या बाजारी आपण पासवर्ड बदलून टाकला, म्हणजे घराचं कुलूपच बदललं. जुनी किल्ली हातात घेऊन तो बाहेर उभा असेल, असेल तिथे... असू दे उभा.

पान उतरलं. आणि आत ओळीच ओळी, एकीखाली एक, ठळक, न उघडलेल्या. मागच्या वेळेपेक्षा जास्तच. सगळ्यांवर पाठवणाऱ्याचं नाव तेच — मेलर डेमन.

हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं घरी जाऊन नवऱ्याच्या, नितेशच्या, कॉलेजातल्या डिक्शनरीत शोधलं होतं. स्पेलिंग जरा निराळं निघालं, पण अर्थ सापडला: राक्षस, भूत. कमाल आहे म्हणजे! माणसांनी पाठवलेलं टपाल, आणि ते परत करायला भूत नेमलेलं. पण हे भूत मोठं शिस्तीचं होतं. दर वेळी तेच सांगायचं, इंग्रजीत, अदबीनं — तुमचं पत्र पोचू शकलं नाही. या पत्त्यावर असं कुणी राहत नाही. तुमचं पत्र सोबत परत करत आहोत. तुमचं. प्राजक्ता बी.ए. झाली ती मराठी घेऊन, पण एवढं इंग्रजी तिला कळत होतं. माझं पत्र? मी कुठे पाठवलं? ब्राझीलला माझं कोण बसलंय? पोलंडला? मी घाटाच्या, म्हणजे आमच्या गावाच्या, बाहेर अमरावतीपर्यंत गेले ते दोनदा, एकदा लग्नाच्या साड्या घ्यायला आणि एकदा वकिलाकडे.

मी नाही. मग या पत्त्याचा दुसरा धनी. दुसरा एकच होता.

पत्ता नितेशनं काढला होता, लग्नानंतर वर्षभरात. अमरावतीला संत्र्याच्या प्रशिक्षणाला गेला आणि परत आला तो ‘घाटसंत्रा’ असं नाव दिलेला ईमेल घेऊन, जसा काही जिल्ह्याचं बक्षीस घेऊन आला. आता दिल्लीच्या व्यापाऱ्याशी आपण इथून बोलणार, दलाल गेला खड्ड्यात, वगैरे. तिला त्यानं याच कॅफेत आणून बसवलं, पासवर्ड सांगितला, कानात, अमरीनला ऐकू जाऊ नये म्हणून. मग तो नागपूरला गेला की तिथून पत्र लिहायचा. कुठे लिहायचा? घाटसंत्रावरून घाटसंत्रालाच. दोघांना दोन पत्ते लागतात हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पत्ता म्हणजे घर, आणि नवरा-बायकोच्या घराला दोन पत्ते कशाला? तो तिकडून घरात पत्र टाकायचा आणि ती बाजारच्या दिवशी येऊन घरातून पत्र उचलायची. रोमन अक्षरांत मराठी. मोसंबीचा भाव बरा आहे. सीताबर्डीवर तुझ्यासाठी चप्पल बघितली, नंबर काय? अमरीननं एकदा ते पाहिलं आणि ती इतकी हसली की तिचा भाऊ शाकीब आतून धावत आला. “भाभी, तुमी दोघं सोतालेच पत्र लिवता काय?” मग तिनं रीत समजावून सांगितली, नितेशनं मान डोलावली, आणि पुढचं पत्रही घाटसंत्रावरून घाटसंत्रालाच आलं. जगात कुणी करत नसेल असं. तिला ते आवडायचं. पाठवणाऱ्याच्या जागी जे नाव तेच घेणाऱ्याच्या जागी — त्यात कुठे तो संपतो आणि कुठे ती सुरू होते ते त्या यंत्रालाही कळत नव्हतं.

मग विहिरीचं पाणी गेलं. बोअर खाली-खाली नेला तरी नुसती भुकटी उडाली. झाडं शेंड्याकडून वाळत आली, आणि मामाजींनी — तिच्या सासऱ्यांनी, पंजाबरावांनी — एका उन्हाळ्यात सगळी बाग तोडायला लावली. नितेश म्हणत होता, एक साल थांबा, टँकरनं जगवू. मामाजी म्हणाले, मेलेल्याले पानी पाजू नये. बापलेकांचं बोलणं तिथे संपलं. लाकूड वीटभट्टीवर गेलं, आणि नितेश इंदूरला. तिथून एक पत्र आलं, नेहमीसारखंच घरातून घरात: कूलरच्या कारखान्यात काम मिळतं आहे, पुढच्या हप्त्यात येऊन जातो, बाबाले सांगजो मी रागावलो नाही. तिनं सांगितलं. मामाजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

तो आला नाही. पोलीस झाले, इंदूरच्या चकरा झाल्या, कारखान्यात या नावाचा कुणी कधी आलाच नव्हता. त्याला आता चार वर्षं होतील. आणि चार वर्षं ती दर बाजारी या खुर्चीत बसते, घर उघडते, रिकामं घर बघते, बंद करते.

मग या मार्गशीर्षात एक दिवस घर उघडलं, तर आत पत्र पडलेलं. घाटसंत्राकडून, घाटसंत्राला.

तिला आठवतं ते एवढंच की ती हसली. रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं, तोंडावर हात धरावा लागला. आत इंग्रजीत दोन ओळी होत्या, मनगटी घड्याळांविषयी, आणि एक निळी ओळ. बाकी काही नाही. ना चप्पल, ना बाबा. तिनं ते पत्र वेळ संपेपर्यंत वाचलं, दोन ओळी किती वाचायच्या तरी वाचल्या. असेल, काहीतरी अडचण असेल. उघड लिहिता येत नसेल. मालक बाजूला बसलेला असेल. पुढच्या बाजारी ती घाईघाईनं आली, आणि तेव्हा भुताची पत्रं सुरू झाली होती. ब्राझील. पोलंड. तुर्कस्तान. प्रत्येकात खाली चिकटवलेलं मूळ पत्र तेच, घड्याळांचं. हळूहळू तिला उमगलं, म्हणजे तिला वाटलं की उमगलं: तो घड्याळांच्या कंपनीत लागला आहे. ज्यानं जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही, सावली बघून पाणी द्यायचा, तो साऱ्या दुनियेला घड्याळं विकतोय. शेकड्यांनी पत्रं लिहितोय, दिसेल त्याला लिहितोय, नसलेल्या माणसांनाही लिहितोय... आणि मला? त्या शेकड्यात मला एकच आलं, तेही घड्याळ घेता का म्हणून.

पाठवलेल्या पत्रांचा कप्पा तिनं उघडून बघितला. इंदूरच्या शेवटच्या पत्रानंतर रिकामा. म्हणजे पाठवतो, आणि पुसतो. बायको इथे येऊन बघेल हे त्याला ठाऊक आहे, तिला दिसू नये म्हणून मागचे पाय पुसत जातो. मग तिच्या आत काहीतरी जे चार वर्षं वाकून बसलं होतं ते ताठ उभं राहिलं. राग! काय सुरेख गोष्ट असते राग. तिला सकाळी लवकर जाग यायला लागली. भाकरी टम्म फुगायला लागली. तिनं ट्रंकेतले त्याचे सदरे काढून शेजारच्या पुंजारामला देऊन टाकले.

आणि पातूरचे खुशालराव आले ते याच दिवसांत. बायको जाऊन दोन वर्षं झालेला माणूस, कृषी केंद्रात नोकरी, पदरात एक मुलगी. स्थळ मामाजींनीच काढलं होतं, सुनेचा पाट सासऱ्यानं लावून द्यायचा, म्हणून गावात काही तोंडं वाकडी झाली ती झाली. “तू माही सून होतीस तवा होतीस,” मामाजी म्हणाले होते, “आता लेक हायेस. लेकीले कोनी घरात सुकवत ठेवते काय?” खुशालराव ओसरीवर बसले होते, चहाची बशी हातात धरून, आणि ती खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं. “तुमच्या मनात ते अजून असतीन त सांगा. मले घाई नाही.” आणि ती म्हणाली होती — किती चटकन म्हणाली! — “कोनी नाही.”

आता फक्त वकिलाचं राहिलं होतं. फारकत हवी तर नवरा सोडून गेला असं शपथेवर सांगावं लागेल, हे त्यांनी गेल्या वर्षीच सांगितलेलं. तेव्हा ती उठून आली होती. सोडून गेला नाही, आला नाही एवढंच, असं ती अमरावतीच्या त्या कचेरीत मोठ्यानं म्हणाली होती, आणि तिथले लोक वळून बघायला लागले होते. पण आता? आता तर पुरावाच पडला होता, ढिगानं. सोडून गेला. सांगते शपथेवर. गेल्या बाजारी तिनं पासवर्ड बदलला, आणि आज सकाळी मामाजींनी धुतलेलं धोतर नेसून विचारलं, “मंग सांजपरेंत पातूरले कळवतो म्हनतो. कळवू?” ती म्हणाली, “वरूडहून येऊ द्या मले.” का म्हणाली? एकदा बघायचं होतं. कुलूप लागल्यावर आत किती शांत वाटतं ते बघायचं होतं, बस.

आणि आत हा बाजार भरलेला.

“भाभी, काहून अशा बसल्या?” अमरीन गल्ल्यावरून उठून आली होती. दुपारची वेळ, कॅफेत दुसरं कुणी नव्हतं.

“पासवर्ड बदलल्यावर,” प्राजक्तानं विचारलं, “जुन्या पासवर्डवाला मानूस आत येऊ शकते काय?”

“नाई. कसा येईन?”

“मंग हे कोन पाठवून राह्यलं?”

अमरीननं स्टूल ओढलं. पडद्याकडे तिनं बघितलंच नाही, प्राजक्ताकडे बघत राहिली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “कोनीच नाई, भाभी.”

“कोनीच नाई म्हंजे?”

“तुमच्या डब्यातून हे गेलंच नाई. आता कसं सांगू तुमाले... पाकिटावर पाठवनाऱ्याचा पत्ता राह्यते का नाई? तिथं कोनी बी कोनाचा बी पत्ता लिवू शकते. कोनतं तरी चोरटं दुकान हाय, कुठं हाय अल्ला जाने. ते लाखानं पत्रं सोडते अन् पाठवनारा म्हून तुमचा पत्ता ठोकून देते. ज्याचं घर सापडलं नाई त्याचं पाकीट तुमच्या दारात येऊन पडते. बस.”

“अन् ते पह्यलं? घाटसंत्रावरून घाटसंत्राले आलेलं?”

“ते बी तसंच. मले बी माह्याच नावानं येते. इथं येनाऱ्या अर्ध्या लोकाइले येते. ते पाहून कोनाले काई वाटत नाई, कावून का सोताले पत्र कोनी लिवतच नाई...” ती थांबली. पुढे काय आहे ते तिच्या लक्षात आलं असावं.

“तुले मालूम होतं?”

“पह्यल्याच दिवशी.” अमरीनचा आवाज बारीक झाला. “पन तुमी हसल्या ना त्या दिवशी. चार सालानं हसल्या. माह्या तोंडातून निंगालंच नाई. मंग तुमी रागात दिसाले लागल्या. म्या म्हनलं, राग बी बरा. रागानं मानूस उठते तरी, जेवते तरी. पन परवा शाकीब म्हने का तुमच्या पाटाचं चाललं, तवापासून म्या झोपली नाई भाभी, खरंच सांगतो.”

प्राजक्ताला वाटलं, हिच्यावर रागवावं. शोधून पाहिलं, पण राग कुठेच सापडला नाही. काल रात्रीपर्यंत भरलेला रांजण होता आणि आता हात घातला तर तळ लागला... म्हणजे त्यानं कुणालाच लिहिलं नव्हतं. ब्राझीलला नाही, पोलंडला नाही. पाठवलेल्या पत्रांचा कप्पा रिकामा होता कारण तो रिकामाच होता. घड्याळं विकणारा, पाय पुसत जाणारा तो लबाड माणूस — तो कुठेच नव्हता. तो मी घडवला. मी त्याला नोकरी दिली, खुर्ची दिली, बाजूला मालक बसवला. रोज सकाळी उठून मी त्याच्याशी भांडले. आणि खरा नितेश, ज्याचं काही चुकलं नव्हतं, किंवा काय चुकलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याचे सदरे मी वाटून टाकले.

आणि कुलूप. चार वर्षं दार उघडं होतं; या एका आठवड्यात, नेमक्या याच आठवड्यात, कुठल्या गावात कुठल्या कॅफेत त्यानं येऊन एका बोटानं — तो एकाच बोटानं टाइप करायचा, जीभ दाताखाली धरून — पासवर्ड घातला असेल तर? चुकीचा आहे, असं त्याला पडद्यानं सांगितलं असेल. त्याला वाटलं असेल आपलंच बोट चुकलं. त्यानं पुन्हा घातला असेल. मग पुन्हा. मग त्याला कळलं असेल.

नसेल आला, मन म्हणालं. चार वर्षं आला नाही, तो याच आठवड्यात कसा येईल? येणारच नसेल. येण्यासारखा उरलाच नसेल... आणि हे वाक्य तिनं चार वर्षांत पहिल्यांदाच शेवटपर्यंत जाऊ दिलं.

“जुना पासवर्ड पुन्हा ठेवता येते काय?”

“येते. पन भाभी, नका ठेवू. तो असता तं...” अमरीननं बोलणं अर्धवट सोडलं, उठली आणि गल्ल्यावर जाऊन पाठमोरी बसली, जुन्या दिवसांत नितेश कानात सांगायचा तेव्हा बसायची तशी. प्राजक्तानं जुना पासवर्ड घातला. यंत्रानं तो मुकाट घेतला. घेतल्यानं काही झालं नाही, हलकं वाटलं नाही, जड वाटलं नाही. भुताची पत्रं जिथल्या तिथे होती. ती तिनं पुसली नाहीत. पैसे देताना अमरीन घेईना, प्राजक्तानं गल्ल्यावर ठेवले.

काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली, दोन बायांच्या मध्ये, मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी. बाहेर संत्र्याचे ट्रक उभे होते, ज्यांच्या बागा राहिल्या त्यांची तोडणी सुरू होती, आणि गाडीत तो वास येत होता, आंबट-गोड, ज्याच्याकडे ती एरवी नाक वळवून घेई. आज वळवलं नाही. मामाजी विचारतील. काय सांगायचं? हो म्हणायचं तर म्हणता येईल. खुशालराव भले आहेत, त्यांनी बशी खाली ठेवून मगच प्रश्न विचारला होता, भरल्या तोंडानं नाही. पण कालपर्यंतचा होकार सोपा होता, नितेशच्या अपराधाला टेकून उभा होता. आता टेकायला काही नाही. आता हो म्हटलं तर माझं एकटीचं. सोडून गेला, हे शपथेवर सांगायचं तर ते खोटं, आणि खोटं आहे हे मला ठाऊक. नाही म्हटलं तर... तर पुन्हा ती खुर्ची, ते रिकामं घर, आणि मामाजी एक दिवस जातील आणि मग मी. शेजारची बाई म्हणाली, “काय वं, डोयात कचरा गेला काय?” ती हो म्हणाली. किती दिवसांनी डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते नितेश नाही म्हणून येत नव्हतं, हे तिला मेथीच्या जुडीकडे बघता-बघता कळलं. नव्हता तर तो तसा चार वर्षं नव्हता. पण हे तीन-चार आठवडे तो नक्की होता. लबाड होता, निर्दय होता, मला विसरलेला होता, पण जेवत होता, खुर्चीत बसत होता, त्याला पगार मिळत होता. वाईट होता, पण होता. आज दुपारी अमरीनच्या दोन वाक्यांत तो गेला, आणि त्याच्यासाठी सुतक धरायचं म्हटलं तर कुणाला काय सांगून धरायचं?

घाटाला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. मामाजी अंगणात बाजेवर बसले होते, सकाळच्याच धोतरात, चुरगळू नये म्हणून अवघडून. जवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला, तिच्यासाठी. त्यांनी लगेच विचारलं नाही. “आली? गाडीत जागा भेटली काय?” एवढंच म्हणाले. आणि तांब्या घेताना तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं — मुलगा गेल्यापासून त्या तोंडाकडे नीट बघायचं ती टाळत आली होती — आणि तिला वाटलं, यांना हे काहीच ठाऊक नाही. घड्याळं नाही, ब्राझील नाही. मी सांगितलंच नाही. का? म्हाताऱ्याला धक्का बसेल, पोरगा असा निघाला म्हणून मान खाली जाईल, असं मी मनाशी म्हणत होते. छे. त्यांना कसला राग येणार होता? त्यांनी तर बाजेवरून उठून एवढंच विचारलं असतं — जेवते काय तो बरोबर? — आणि त्या आठवड्यांत ते रोज दोन भाकरी जास्त जेवले असते. एवढे दिवस यांचा जिवंत मुलगा माझ्याजवळ होता, मी त्याला एकटीच धरून भांडत बसले, आणि यांच्या वाटणीचा यांना एक दिवससुद्धा दिला नाही.

“मंग?” मामाजी म्हणाले. “काय कळवू पातूरले?”

“आंधी तुमाले एक सांगाचं राह्यलं हाये,” ती म्हणाली, आणि तांब्या हातात धरूनच बाजेजवळ खाली बसली. पाणी प्यायचं होतं, ते राहूनच गेलं.